काढून टाकलेल्या गाठीला विचारायचं होतं ते

दादाचं हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा तो नुकताच चाळिशीत पोचला होता. खानापूर तालुक्यातला शेतकरी गडी, भाताच्या लावणीत दिवसभर वाकून राहणारा. तो बांधावर बसून दम घ्यायला लागला. लोहाच्या गोळ्या झाल्या, शिरेतून इंजेक्शनं झाली. हिमोग्लोबिन थोडं वर यायचं आणि महिन्याभरात परत खाली. रक्त कमी आहे हे सगळ्यांनी सांगितलं. ते जातंय कुठं, हा प्रश्न फार उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी विचारला.

हे मी मुद्दाम आधी लिहितेय. पुरुषाला पाळी नाही, बाळंतपण नाही. तरी त्याच्या अंगातलं लोह सतत संपत असेल, तर ते आतड्यातून गळत नाही ना, हे बघायलाच हवं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असली की शौचात लाल रक्त बहुतेक दिसतच नाही. ते थोडं थोडं मिसळून जातं, माणूस फक्त पांढरा पडत जातो. दादाच्या बाबतीत तसंच झालं. कॉलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं बघताना, गाठ सापडली आणि बेळगावात ऑपरेशन होऊन उजवीकडचं आतडं काढलं. कॅन्सर आतड्याच्या भिंतीत खोल गेला होता, पण आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत पोचला नव्हता. म्हणजे दुसरी पायरी. घरी सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला.

त्या ऑपरेशनच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती: गाठीची एमएमआर प्रथिनांसाठी आयएचसी तपासणी करून घ्यावी. म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं गाठीत आहेत का, ते रंग लावून बघायचं. वहिनी म्हणाली, "गाठ काढून टाकली की. आता त्या गाठीला काय विचारायचं?" पैसे संपत आले होते आणि तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं. मी मात्र ती ओळ सोडली नाही. आमची आत्या पन्नाशीच्या आत गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. आजोबा पोटाच्या दुखण्यानं तरणेताठे असताना गेले, नेमकं काय झालं होतं ते कुणी कधी सांगितलं नाही. आता दादा. एका घरात इतकं कसं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. घराण्यात उतरणाऱ्या लिंच सिंड्रोमचं नाव तेव्हा आम्ही ऐकलंही नव्हतं.

तपासणीसाठी लागतो तो ब्लॉक. काढलेल्या आतड्याचे छोटे तुकडे मेणात बसवून हॉस्पिटलात जपून ठेवतात. रुग्णाच्या नावानं अर्ज दिला, ओळखपत्राची झेरॉक्स जोडली की तो मागता येतो. हे खूप जणांना माहीत नसतं आणि मग लोक परत बायोप्सी करावी लागेल या भीतीनं विषय सोडून देतात. मला ब्लॉक मिळाला तो एका लहान झिपच्या पिशवीत. प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर मेणाची चौकोनी वडी, त्या मेणात नखाएवढा करडा-पिवळट तुकडा आणि कडेला लिहिलेला नंबर. दादाला एवढं छळलेली गोष्ट ती हीच. खिडकीवरच्या मुलानं दोनदा बजावलं, "अक्का, उन्हात ठेवू नका, गाडीत तर अजिबात नको, मेण वितळतंय." मे महिना होता. टिळकवाडीतून घरी येईपर्यंत मी ती पिशवी पर्समध्ये रुमालात गुंडाळून धरली होती.

आयएचसीचा निकाल आला तेव्हा पॅथॉलॉजिस्टनी वहिनीला आणि मला पडद्यावर स्लाइड दाखवली. त्यांना वेळ होता आणि आम्ही विचारलं, म्हणून दाखवली. चार प्रथिनं बघतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. प्रथिन जागेवर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी रंगतं, नसेल तर निळंच राहतं. पहिल्या दोन स्लाइडवर सगळीकडे तपकिरी ठिपके. तिसरीवर, म्हणजे एमएसएच२ला, कडेच्या चांगल्या पेशी तपकिरी आणि मधला गाठीचा सगळा भाग निळा. चौथीही तशीच. एमएसएच२ आणि एमएसएच६ जोडीनं काम करतात, त्यामुळे पहिलं गेलं की दुसरंही टिकत नाही. चांगल्या पेशी रंगल्यात म्हणजे तपासणी नीट झाली आहे, हेही त्यांनीच दाखवलं. वहिनी काही न बोलता बराच वेळ त्या निळ्याकडे बघत होती.

ही प्रथिनं करतात काय, ते मला वडगावच्या मागांवरून कळलं. माझं सासर तिथलं, आजूबाजूला अजून माग चालतात. डिझाइनमध्ये रंग बदलत असले की विणणाऱ्याचा हात चुकत नाही. पण एकाच रंगाचे धागे ओळीनं वीस-पंचवीस आले की एखादा जास्त पडतो, एखादा राहतो, आणि मागून कुणीतरी मोजून बघावं लागतं. पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा एकच अक्षर ओळीनं येतं त्या जागी अशीच चूक होते. एमएमआर प्रथिनं मागाहून ती चूक दुरुस्त करतात. ती नसली की चुका साठत जातात, आणि त्या आतड्याची वाढ आवरणाऱ्या जनुकांत झाल्या की गाठ धरते. प्रथिनं बघण्याऐवजी त्या ओळींची लांबी मोजूनही हे कळतं, त्या तपासणीला एमएसआय म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण १५ जणांच्या गाठीत हा दोष सापडतो, पण जन्मतः वारशानं आलेला असतो तो साधारण तिघांत. बाकीच्यांत बहुतेक वेळा एमएलएच१ उतारवयात बंद पडलेलं असतं. म्हणून एमएलएच१ दिसत नसेल तर आधी गाठीत बीआरएएफ जनुकातला ठरावीक बदल आहे का ते बघतात, तो असला तर वारशाची शक्यता फार कमी. दादाचं एमएसएच२ गेलेलं होतं, त्यामुळे ती पायरी आली नाही. थेट रक्तातून जनुकाची तपासणी.

या एका तपासणीनं दादाचे उपचारही बदलले. असा दोष असलेल्या दुसऱ्या पायरीच्या गाठीला नुसत्या ५-एफयू केमोनं फायदा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी केमो दिली नाही. ज्या तपासणीला घरात खर्च म्हणत होते, तिनं त्याला काही महिन्यांच्या ओकाऱ्यांतून वाचवलं.

रक्ताच्या आधी समुपदेशन झालं. बाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुष चौकोन, बाया गोल, आजारी होते ते काळे. कोण कशानं गेलं, किती वर्षांचं असताना. फोन लावून लावून काका, मावशांना विचारलं. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं, वहिनीला दोन्ही वाचता येत नाहीत. तिथल्या कन्नड बोलणाऱ्या सिस्टर तिच्या शेजारी बसल्या आणि एकेक कलम आमच्या मराठीत सांगत गेल्या: जनुकात दोष निघाला तर कुणाला कळवायचं, नमुना किती दिवस ठेवायचा, नको असेल तर मध्येच थांबता येतं. घाई केली नाही. त्यांचे उपकार आहेत.

समुपदेशनात ऐकलेली एक गोष्ट मनात राहिली. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. त्यांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ मध्ये छापली. पुढे १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा अभ्यास मांडला, म्हणून या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. १९९३ मध्ये एमएसएच२ जनुक सापडलं. आमच्या आत्यालाही कुणीतरी तिच्या बापाबद्दल विचारायला हवं होतं.

दादाच्या रक्तात एमएसएच२चा दोष निघाला. रिपोर्टात नेमकी कुठली जागा, कुठला बदल ते लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सगळ्यांसाठी तीच ओळ सोन्याची. एका माणसाची सगळी जनुकं चाळून बघणं महाग पडतं. घरातला दोष एकदा सापडला की बाकीच्यांची तेवढीच एक जागा बघायची, ते बरंच स्वस्त. आणि त्यात उत्तर सरळ मिळतं, आहे किंवा नाही. म्हणून सुरुवात ज्याला कॅन्सर झालाय त्याच्यापासून करायची. निरोगी माणसानं आधी स्वतःचं रक्त दिलं आणि काही निघालं नाही, तर त्याचा अर्थ पक्का लागत नाही.

आईवडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा, मुलगी फरक नाही. घरात हे सांगितल्यावर जे झालं ते कॅन्सरपेक्षा जड गेलं. काका म्हणाले, हे गावात कळलं तर पोरींची लग्नं कशी व्हायची. दादाची मुलगी एकोणीस वर्षांची, ती तिथंच बसली होती. तीच म्हणाली, "लग्नाचं नंतर बघू की काका. मला आधी कळू दे." तिला पूर्ण समजलं होतं. लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत, सज्ञान झाल्यावर ज्याची त्यानं ठरवायची असते, आणि तिनं ठरवलं.

धाकट्या भावाचा निकाल आला, त्याच्यात दोष नाही. त्याची धास्ती संपली, त्याच्या मुलांचीही. माझ्यात आहे. भाचीचा निकालही आहे असाच आला.

मला सगळ्यात आधी वाटलं ते हे की, मग दर सहा महिन्यांनी रक्त नाहीतर शौचाची तपासणी करत राहू, नळी नको. याबद्दल मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि त्यांनीही आकडे समोर ठेवले. शौचातलं रक्त शोधणारी फिट नावाची तपासणी माणसाच्या हिमोग्लोबिनलाच धरते, त्यामुळे जुन्या पद्धतीसारखं मटण, मुळा बंद करावं लागत नाही. शौचातल्या डीएनएची तपासणी तिच्या एक पाऊल पुढे. अशा पहिल्या तपासणीत केआरएएस जनुकातले बदल, एनडीआरजी४ आणि बीएमपी३ या जनुकांवर चढलेल्या मिथाइलच्या रासायनिक खुणा आणि शिवाय हिमोग्लोबिन, असं सगळं एकत्र बघायचे. अमेरिकेत २०१४ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्या वर्षीच्या मोठ्या अभ्यासात तिनं १०० पैकी ९२ कॅन्सर पकडले, फिटनं ७४. पण कॅन्सर होण्याआधीचे आतड्यातले पुढे गेलेले कोंब, म्हणजे पॉलिप, डीएनए तपासणीनं ४२ टक्के आणि फिटनं २४ टक्केच पकडले. शिवाय निरोगी माणसाला उगाच घाबरवण्याचं प्रमाण डीएनए तपासणीत जास्त. २०२४ च्या जुलैत अमेरिकेत मान्य झालेली रक्ताची तपासणी ८३ टक्के कॅन्सर पकडते, पण असे कोंब फक्त १३ टक्के.

माझ्यासाठी अडचण तिथंच आहे. सर्वसाधारण माणसात कोंबाचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, म्हणून एखादी तपासणी चुकली तरी पुढची पकडते. लिंचच्या घरात तोच प्रवास दोन-तीन वर्षांतही होतो. आम्हाला कोंबच काढायला हवा, आणि तो दुर्बिणीनंच निघतो. या सगळ्या तपासण्या सर्वसाधारण धोक्याच्या लोकांसाठी बनवलेल्या आहेत. एमएसएच२ असलेल्यांनी विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी कॉलोनोस्कोपी करायची. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा नियमित तपासणी करणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. हे वाचल्यावर नळीची भीती मागे पडली.

कॉलोनोस्कोपीत नळीपेक्षा आदल्या दिवसाची तयारी अवघड. ती नीट केली तरच तपासणीला अर्थ, म्हणून सविस्तर लिहिते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी बंद करायच्या, त्यांनी आतडं काळं होतं. तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, कडधान्य, पेरू, टोमॅटोच्या बिया बंद. मऊ पांढरा भात आणि ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं: नारळपाणी, लिंबू-साखर, गाळलेलं वरणाचं पाणी, कोरा चहा. कोकम सरबत नको, बीट नको. त्यांचा लाल रंग आत राहिला तर रक्तासारखा दिसतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याच्या हातात आधी कोकमच येतं, म्हणून सासूबाईंना सांगून ठेवलं होतं.

मग पावडर. दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धी रात्री, अर्धी पहाटे. चव खारट-गोडसर, तिसऱ्या पेल्याला मळमळतं. फ्रीजमध्ये गार करून, मध्ये लिंबाची फोड चोखून घेतली की उतरते. रात्रीच सगळी संपवून झोपावं असं वाटतं, पण पहाटेचा अर्धा डोस सोडू नका. रात्रभरात वरून उतरलेला रस उजव्या बाजूला साठतो आणि आमच्यासारख्यांचे कोंब बहुतेक तिथंच, तेही चपटे. शेवटी शौचातून पिवळट स्वच्छ पाणी यायला लागलं की झालं. पहाटे चार वाजता न्हाणीघराच्या दारात मी दादाला फोन लावला. तो जागाच होता.

भूल हलकी दिली होती, मला मधलं काही आठवत नाही. आतड्याच्या उजव्या भागात ६ मिलिमीटरचा एक कोंब निघाला. तारेच्या फासानं तिथंच काढला. रिपोर्ट आला, अडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा कोंब, पण अजून कॅन्सर नाही. एवढ्याशा कोंबातून रक्त येत नाही. फिट केली असती तर ती बहुधा कोरीच आली असती आणि मी निश्चिंत घरी बसले असते.

गर्भाशयाचंही बघावं लागतं, कारण एमएसएच२ असलेल्या बाईला त्याचा धोका जवळपास आतड्याएवढाच. पाळी सोडून मध्येच रक्त गेलं तर थांबायचं नाही, असं मला आणि भाचीला बजावलंय. रोज अ‍ॅस्पिरिन घेतल्यानं लिंचमध्ये आतड्याचा कॅन्सर कमी होतो असं एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. माझ्या डॉक्टरांशी ते बोलणं चालू आहे. जठराला त्रास होऊ शकतो, म्हणून आपल्या मनानं कुणी सुरू करू नये.

निपाणीच्या मामांचं वेगळंच झालं. एका आरोग्य शिबिरात त्यांना 'कॅन्सर मार्कर पॅकेज' विकलं गेलं, त्यात सीईए नावाचं रक्तातलं प्रथिन थोडं जास्त आलं. मामा जन्मभर बिडी ओढणारे. सीईए १९६५ मध्ये माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलं, पण ते बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तसंही वाढलेलं असतं. मामांचे स्कॅन झाले, झोप गेली, निघालं काही नाही. आणि दादाची गाठ पोटात असताना त्याचं सीईए हद्दीत होतं. ऑपरेशननंतर परत काही उगवतंय का हे बघायला ते कामाचं आहे, दादाचं दर तीन महिन्यांनी करतात. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला ते वापरू नये. शिबिरवाल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला पैसे घेऊन असं घाबरवल्याचा मला राग आहे.

त्याउलट माझ्या नवऱ्यासाठी फिट योग्य. पन्नाशीचे, घराण्यात काही नाही, त्रास नाही. लहान बाटली, झाकणाला खाचा असलेली काडी. ती शौचावर दोन-तीन ठिकाणी घासायची आणि बाटलीत परत खुपसायची. कोरी आली. दरवर्षी करायची आणि कधी रक्त दाखवलं तर परत फिट नव्हे, सरळ कॉलोनोस्कोपी. सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा त्यात नाही. त्यामुळे हे आपलं आपणच मागून घ्यावं लागतं.

आत्याची मुलगी चंदगड तालुक्यात दिली आहे. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून दादाच्या रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन मीच गेले. तिची सासू चहा घेऊन आली आणि शेजारी बसूनच राहिली. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "हिच्या आईचं आम्ही ऐकलंय गे. कळलं तर बरंच की, औषध तरी वेळेत हुईल." मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट. रिपोर्टातली ती ओळ मी लाल पेननं खूण करून दिली, कारण लॅबला तीच दाखवायची असते. तिचं रक्त आता गेलंय, निकाल यायचा आहे. तिचा भाऊ गोव्यात कामाला असतो, त्याला अजून काहीच माहीत नाही. त्याचा नंबर घेतलाय, रविवारी तो घरी असतो तेव्हा लावणार आहे.